विनाशिकेचं सेवापुस्तक

बंगळुरात माझी नोकरी वाचवली ती बनशंकरी भागात राहणाऱ्या अण्णांनी. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सांगताना मी अडखळणार आहे, आणि अडखळलो तर मुख्य गोष्टच राहून जायची. त्यांचं नाव इथे लिहीत नाही. स्वतःचं नाव छापलेलं त्यांना आवडायचं नाही. त्यांच्या एकुलत्या एका पुस्तिकेवरसुद्धा त्यांनी "संकलन" एवढाच शब्द घातला, पुढे कोरं.

अण्णा समोरच्याचं बोलणं पूर्ण ऐकून घ्यायचे, मग चष्मा कपाळावर सरकवायचे आणि विचारायचे, "हे पाहिलंत की ऐकलंत?"

या प्रश्नातून कुणाची सुटका नव्हती. रिक्षावाला म्हणाला, पुढे रस्ता खणलाय, तर त्याला कानडीत हाच प्रश्न. आमच्या प्रेसमधला मशीनमन म्हणाला, पलीकडच्या गल्लीत चोरी झाली, तर त्यालाही. मी पुसदहून आलोय असं पहिल्या दिवशी सांगितलं, तेव्हा मलाही विचारलं. मी म्हटलं, "अण्णा, मी तिथलाच आहे." थोडा विचार करून म्हणाले, "मग सरी," म्हणजे ठीक. एकदा त्यांच्या घरी अक्का, म्हणजे त्यांच्या पत्नी, म्हणाल्या, "वरण करपलं वाटतं." अण्णा बाहेरच्या खोलीतून, "पाहिलंस की ऐकलंस?" अक्का म्हणाल्या, "वास आला." अण्णांनी चष्मा परत नाकावर घेतला. असा एखादा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. चारचौघांत त्याची चेष्टा होते, आणि घरचं काही अडलं की लोक त्यालाच विचारायला जातात.

मी नववीत असताना वडील वारले आणि माझी शाळा सुटली. गावातल्या छापखान्यात खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवायला शिकलो. पुढे कळलं की बंगळुरात कॉटनपेटमध्ये एक प्रेस आहे, तिथे मराठी कंपोझिटर हवाय. मालक कानडी, पण त्या भागातल्या जुन्या मराठी घरांच्या लग्नपत्रिका, ज्ञातीच्या सभेची पत्रकं वगैरे कामं त्यांच्याकडे येत. आधीच्या म्हाताऱ्या कंपोझिटरला दिसेनासं झालं होतं. मी आलो, तेव्हा मला कानडीचा एक शब्द येत नव्हता. प्रेसच्याच पोटमाळ्यावर झोपायचो. सकाळी डोळे उघडले की पहिला विचार एकच: आज काढून टाकतील का? मालकांनी नुसती खुर्ची मागे सरकवली तरी मला वाटायचं, आता बोलावणार.

अण्णांचं मराठी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ते कानडीच बोलतायत असं वाटलं होतं. त्यांचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेलं. "स्वल्प थांब", "सरी, असं कर" असं बोलत. मला "तम्मा" म्हणत, म्हणजे धाकटा भाऊ. ते सत्तरीचे आणि मी बावीसचा. पण त्या गावात मला कुणीतरी नात्याने हाक मारत होतं, हे माझ्या दृष्टीने फार होतं.

सरकारी कचेरीत नकाशे आणि आराखडे काढून ते निवृत्त झाले होते. आमच्याकडे आले ते एक हस्तलिखित घेऊन. चौकोनी कागदांवर, ओळंबा लावल्यासारख्या सरळ अक्षरात. मी वरचं पान वाचलं. एका इंग्रजी लढाऊ जहाजाचा इतिहास होता. मी मालकांकडे पाहिलं. मालक म्हणाले, "तू जुळव. समजून काय करायचंय?"

पण जुळवताना समजतंच. एकेक अक्षर हाताने उचलायचं असतं.

झालं होतं असं. अण्णांचे वडील पलटणीत शिंपी होते. पहिल्या महायुद्धात पलटण बोटीने निघाली, भूमध्य समुद्रात पाणबुडीने ती बोट फोडली आणि सगळे पाण्यात पडले. शिंप्याला पोहता येत नव्हतं. एका फळीला धरून राहिला. एक विनाशिका आली, म्हणजे पाणबुड्या हाकलणारं छोटं, वेगवान लढाऊ जहाज. तिच्या खलाशांनी याला दोर टाकून वर ओढलं. दोन दिवस तो त्या जहाजावर होता आणि बसल्या बसल्या त्याने खलाशांचे फाटलेले सदरे शिवून दिले. नंतर घरी आला, लग्न झालं, अण्णा झाले.

"ती थांबली नसती तर मी नसतो," अण्णा म्हणत. हे ते आकडेमोड सांगावी तसं सांगायचे. "मग तिची चौकशी आपण करायला नको? ती कुठून आली, कुठे गेली, शेवटी काय झालं?"

ही चौकशी त्यांनी वीसेक वर्षं केली. इंग्लंडला पत्रं लिहायची आणि वाट पाहायची. एखाद्या ओळीचं उत्तर यायला सहा महिने लागायचे. अडचण अशी की त्या दिवशी एक नाही, दोन विनाशिका मदतीला आल्या होत्या. बापाला कोणी काढलं? बाप तोवर वारला होता. तो नेहमी सांगायचा ती एकच गोष्ट अण्णांना आठवत होती: "थंडीने मरत होतो, तिसऱ्या धुराड्याला पाठ लावून बसलो, तेव्हा जिवात जीव आला." अण्णांनी दोन्ही जहाजांचे आराखडे मागवले. एकाला धुराडी दोन, दुसऱ्याला तीन. झालं. तो कागद आला त्या दिवशी त्यांनी अक्कांना शिरा करायला सांगितला होता म्हणे. हे मात्र मी ऐकलेलं.

त्या जहाजाला चांगलं नाव होतं, पण अण्णा "ती" म्हणत. अक्कांना "विनाशिका" हा शब्द पसंत नव्हता. "माणसं पाण्यातून काढणारीला हे काय नाव?" असं त्या मला चहा देताना विचारत, जणू नाव मीच ठेवलं होतं.

पुस्तिका लिहिली होती ती सरकारी नोकराच्या सेवापुस्तकासारखी. अण्णांना दुसरा नमुना माहीत नव्हता. पहिल्या पानावर "रुजू". त्याखाली पदनाम विनाशिका, बांधा सडपातळ, धुराडी तीन, आहार कोळसा, फार लागतो. मग "बदल्या". आज या बंदरात, उद्या त्या. बॉयलरच्या नळ्या बदलायला गोदीत गेली, तर "वैद्यकीय रजा". धुक्यात दुसऱ्या जहाजाला घासली, तर "खुलासा मागवला". शेवटी "सेवासमाप्ती". युद्ध संपल्यावर तिला भंगारात काढून मोडलं. नोकरी दहा-अकरा वर्षांची, निवृत्तिवेतन नाही. आणि प्रत्येक विधानापुढे कंसात एक अक्षर: पा. किंवा ऐ. कागद स्वतः पाहिला असेल तर पा., नुसतं ऐकलं असेल तर ऐ. बापाच्या सुटकेचं पान सगळं पा. आणि ऐ.ने भरलेलं होतं. खलाशांनी त्याला गरम रम पाजली, यापुढे ऐ. होतं. त्यापुढे आणखी एक बारीक वाक्य: "वडिलांनी हे आईसमोर नाकारले होते. (पा.)"

मला सगळ्यात आवडलेलं पान त्याच्या पुढचं. त्याचा मथळा होता "मेमो". विनाशिकेला हुकूम होता पाणबुडीच्या मागे जाण्याचा. माणसं काढायला थांबण्याचा नव्हता. थांबलेलं जहाज म्हणजे पाणबुडीला आयतं निशाण. तरी ती थांबली. तिच्या कप्तानाला त्याबद्दल वरून लेखी समज मिळाली होती. अण्णांनी त्या पत्राचा मजकूर मिळवून भाषांतर करून छापायला दिला होता. खाली टीप नाही, शेरा नाही.

आता माझी गोष्ट.

त्याच महिन्यात आमच्या मालकांनी कॉम्प्युटर घ्यायचं ठरवलं. कानडीचे दोन कंपोझिटर आधीच गेले होते. आमचे खिळे वजनावर विकायचे, असं बोलणं माझ्या कानावर येई. मालकांनी मला बोलावून सांगितलं, "मराठी आहे म्हणून तुला ठेवलाय. अण्णांचं काम स्वच्छ करून दे. तक्रार आली नाही, तर तुला कॉम्प्युटरवर बसवीन. आली, तर पुसद." पुसद हा शब्द ते असा म्हणायचे की मलाच माझं गाव शिक्षेसारखं वाटायला लागलं होतं. तिथे मी शिकलो तो छापखाना एव्हाना बंद झाला होता. आई मामाकडे राहत होती. परत जाऊन करायचं काय, हे मला खरंच माहीत नव्हतं.

पुस्तिका सोळा पानांची, त्यातली शेवटची चार पुराव्याच्या कागदांच्या यादीची. तुम्ही छपाईच्या धंद्यातले नसाल तर एवढं समजून घ्या: अशी पुस्तिका एकाच मोठ्या कागदावर छापतात, आठ पानं एका बाजूला, आठ दुसऱ्या. कागदाच्या घड्या घातल्या की पानं क्रमाने येतात. पण छापताना ती क्रमाने नसतात, पाचव्याशेजारी बारावं असतं, काही तर उलटी असतात. म्हणून आधी रद्दी कागदाची घडी घालून त्यावर आकडे लिहायचे आणि ते बघून जुळवलेली पानं दगडी टेबलावर मांडायची. हे मला झोपेतही येत होतं.

आमच्याकडचे मराठी आकडे झिजलेले होते. छापले की दोन कुठला आणि तीन कुठला कळत नसे. अण्णांना मीच सुचवलं, "पानांवर आकडे नकोत, नुसते मथळे ठेवू. सेवापुस्तकाला शोभून दिसेल." त्यांना पटलं. आपण किती हुशारीने बोललो, असं मला वाटलं.

मी पानं मांडत होतो त्याच वेळी कॉम्प्युटरची खोकी आली. सगळा प्रेस पुढच्या खोलीत. मशीनमन, बाइंडर, चहावाला पोरगा, सगळे थर्माकोल निघताना बघत होते. मालक कुणालाही हात लावू देत नव्हते. मी दगडाशी उभा, हातात दोऱ्याने बांधलेलं एक पान, आणि मान दारातून दिसणाऱ्या त्या काचेच्या पडद्याकडे. त्यावर आपल्याला बसवतील का, हेच डोक्यात. पाचवं पान मी बाराव्याच्या जागी ठेवलं आणि बारावं पाचव्याच्या. चौकट आवळली. मशीनवरून पहिला कागद निघाला, तो मी तपासला. काना, मात्रा, वेलांटी, सगळं बघितलं. घडी मात्र घालून बघितली नाही. मशीनमनला मराठी येत नव्हतं. तीनशे प्रती छापून झाल्या, शिवून झाल्या.

शनिवारी सकाळी गठ्ठे बांधताना मी एक प्रत सहज उघडली. रुजू, बदली, बदली, आणि चौथ्या पानानंतर एकदम "सेवासमाप्ती". जहाज भंगारात. पुढल्या पानावर माणसं वाचवल्याबद्दल मेमो. मग गस्त, मग गोदीत रजा, मग धुक्यातली टक्कर. आणि हे सगळं झाल्यावर, बाराव्या पानावर, मोडून तोडून विकलेली ती बोट भूमध्य समुद्रात येऊन शिंप्याला पाण्यातून काढत होती.

मी गठ्ठे बांधत राहिलो.  आज हे लिहिताना वाटतं, तेव्हाच पुढे जाऊन सांगायला हवं होतं. पण माझे हात नुसते गाठी मारत राहिले.

अकराच्या सुमाराला अण्णा आले. इस्त्रीचा सदरा. मालकांनी खुर्ची दिली, ते बसले नाहीत. उभ्यानेच पुस्तिका उघडली. मी आतल्या दारात होतो. पहिलं पान, दुसरं, तिसरं, चौथं. पाचवं उलटलं आणि थांबले. चष्मा कपाळावर गेला, परत खाली आला. मग सावकाश शेवटपर्यंत गेले. बाराव्या पानावर त्यांचा अंगठा बराच वेळ होता. मग त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. माझ्या चेहऱ्यावर सगळं लिहिलेलं असणार.

मालक धंद्यातले. त्यांनी दोघांचेही चेहरे वाचले. पुस्तिका हातात घेतली. त्यांना मराठी येत नसलं तरी हिंदीमुळे अक्षरं लागायची. ते बोटाने मथळे वाचत गेले आणि अडले.

"अण्णा, 'समाप्ती' म्हणजे सिनेमाच्या शेवटी येतं, तेच ना?"

"तेच."

"मग हे मध्येच कसं? इंटरव्हललाच सिनेमा संपला?" हे ते कानडीत अण्णांना म्हणाले आणि लगेच हिंदीत माझ्याकडे वळून, "ए, इकडे ये. काय केलंस?"

मी दोन पावलं पुढे गेलो. 

"त्याला काय विचारता?" अण्णा म्हणाले. "मीच तसं लावायला सांगितलं."

मालकांना खरं वाटलं नाही. त्यांनीही वर्षभर अण्णांचा प्रश्न ऐकला होता. हसून म्हणाले, "पाहिलंत की ऐकलंत, अण्णा?"

"पाहिलं. मी इथे उभा राहून क्रम लावून घेतला."

"आधी बोट मोडायची आणि मग माणूस वाचवायचा?"

"मग काय! वाचणाऱ्याच्या जिवाला घोर नको. बोट शेवटी मोडली, हे आधीच सांगून टाकलं, की पुढचं तो निवांत वाचतो." आणि एवढं बोलून अण्णांनी खिशातून रुमाल काढून चष्मा पुसायला घेतला. चष्मा स्वच्छ होता.

मालकांनी पुस्तिका मिटून टेबलावर ठेवली. मग म्हणाले, "सरी, सरी. तुमचं पुस्तक. आम्हाला काय, तुम्ही म्हणाल तसं छापू." आणि माझ्या पाठीवर थाप मारली.

लक्षात घ्या, हा माणूस बापाने रम घेतली की नाही, यालासुद्धा दोन पुरावे जोडत होता. त्याच्या तोंडून मी ऐकलेलं हे पहिलं खोटं. चांगलं जमलं नव्हतं, पण चाललं.

चुकीची दुरुस्ती म्हणून एखादी चिठ्ठी आत चिकटवू, असं मी त्यांना बाहेर फुटपाथवर सुचवलं. म्हणाले, "चिठ्ठी मालकाला दिसेल. मग मी खोटा आणि तू बेकार. गठ्ठा उचल."

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, ज्ञातीच्या सभागृहात वार्षिक सभा होती. पुस्तिका तिथेच वाटायची, हे महिन्याभरापूर्वी ठरलेलं. गठ्ठे घेऊन मी बरोबर गेलो. उपमा-कॉफी झाल्यावर प्रती वाटल्या. थोडा वेळ पानांची सळसळ. मग पुढच्या रांगेतले एक निवृत्त हेडमास्तर उठले. अण्णांचा प्रश्न त्यांनी तीस वर्षं सोसला होता. ते काही ही संधी सोडणार नव्हते.

"अण्णा," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "तुमची बोट भंगारात निघाली. मग पुन्हा समुद्रात येऊन तिने तुमच्या वडिलांना काढलं. हे तुम्ही पाहिलंत की ऐकलंत?"

सभागृह हसलं. खरंच हसलं, बायकांच्या बाजूनेसुद्धा. मागून कोणीतरी, "भुताची बोट असेल हो!" मी भिंतीशी उभा होतो. अक्का बायकांमध्ये बसलेल्या, त्यांनी मान खाली घातली. अण्णा उठले. गठ्ठ्याची सुतळी त्यांच्या हातात होती, ती बोटाला गुंडाळत म्हणाले, "वाचलं. आमच्याच पुस्तकात."

आणखी मोठं हसू झालं. अण्णाही हसले. वीस वर्षांची पत्रं, आराखडे, धुराडी, सगळं त्या हसण्यात गेलं. जाताना निम्म्या लोकांनी प्रती खुर्च्यांवरच ठेवल्या होत्या. त्या मी आणि अण्णांनी गोळा केल्या.

बसमध्ये मी म्हणालो, "अण्णा, उद्या मी मालकांना सांगतो."

"काय सांगशील?"

"चूक माझी आहे म्हणून."

"मग?"

"मग काढतील."

"मग कुठे जाशील?"

मी मांडीवरचा गठ्ठा सरळ केला. बस जयनगरच्या बाजूने वळेपर्यंत ते बाहेर बघत होते. मग म्हणाले, "मेमो मिळाल्याने नोकरी जात नाही, तम्मा. आणि माझी तर केव्हाच संपलीय. तू आधी ते यंत्र शीक. मग सांग कुणाला सांगायचं ते."

त्यांच्याकडे जुना टाइपरायटर होता. इंग्लंडच्या पत्रांसाठी घेतलेला. इंग्रजी अक्षरांची मला धास्ती होती. शाळेत त्या अक्षरांनीच माझी सर्वांत जास्त लाज काढली होती. पुढचे सहा-सात महिने दर रविवारी मी बनशंकरीला गेलो. अण्णा शेजारी बसून जुनी पत्रं टाइप करायला लावत. "महोदय, आपल्या कृपापत्राबद्दल आभारी आहे." इंग्रजीतलं माझं पहिलं वाक्य हेच. चुकलो की ते रागवत नसत, कागद बदलून देत. अक्का मधूनच डोकावून विचारत, "जेवणार ना रे?" आणि उत्तराची वाट न बघता पान मांडत. मालकांनी शब्द पाळला. तक्रार नव्हती, म्हणून मला कॉम्प्युटरवर बसवलं. तिसऱ्या महिन्यात खिळे गेले. टेम्पोत भरताना मी मदत केली.

अण्णा गेल्या उन्हाळ्यात गेले. आठवडाभर ताप होता, एवढंच. ते गेल्याचं मला चौथ्या दिवशी कळलं. तेराव्यानंतर पुन्हा गेलो तर अक्का मुलीकडे जायच्या तयारीत होत्या. घरात खोकी. अण्णांच्या टेबलावर वर्तमानपत्रांचा ढीग होता आणि प्रत्येकात पेन्सिलीने दुरुस्त्या. सरकारी जाहिरातीतली चूकसुद्धा ते सोडत नसत. ढिगाखाली त्यांची स्वतःची पुस्तिका होती. मी घाईने पाचवं पान काढलं. यात तरी त्यांनी बरोबर क्रम लिहून ठेवला असेल, असं मला वाटलं होतं. काही नव्हतं. बाराव्यावरही नाही. एवढी कोरी प्रत त्या घरात दुसरी नसेल.

अक्का मागे उभ्या होत्या. म्हणाल्या, "मी सांगितलं होतं, आपल्यापुरते तरी आकडे घाला. तर म्हणाले, नको, कुणाच्या हाती लागलं म्हणजे?" मग जराशाने, "तुझ्या मालकाकडे यांचं जाणं-येणं होतं ना."

म्हणजे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. त्या सभागृहात मान खाली घालून बसल्या तेव्हाही. आणि तरी त्या दर रविवारी पान मांडत होत्या.

मी अजून त्याच प्रेसमध्ये आहे. मालक आता मला चहा पाजून गिऱ्हाइकांशी ओळख करून देतात, "हा आमचा मराठीवाला, एक चूक सापडणार नाही." मी कीबोर्डकडे बघतो. अण्णा म्हणाले होते, आधी शीक, मग सांग. शिकून झालं त्याला बराच काळ झाला. सांगितलेलं नाही. भीती आता नोकरीची नाही, म्हणजे फारशी नाही. दुसरीकडेही काम मिळेल. पण मालकांच्या तोंडचं ते वाक्य ऐकायची सवय झाली आहे.

म्हणून हे इथे लिहून ठेवतो, म्हणजे मागे फिरता येणार नाही. मालक रोज साडेनऊला येतात. एका सकाळी, ते खुर्चीत बसायच्या आत, त्यांना सांगेन की त्या दिवशी अण्णा खोटं बोलले आणि माझ्यासाठी बोलले. ते काय म्हणायचं ते म्हणोत. त्यानंतर सोळा पानं मी स्वतः पुन्हा जुळवीन. शिंपी आधी पाण्यातून वर येईल, मग जहाजाला मेमो मिळेल, आणि तिची सगळी नोकरी पुरी झाल्यावरच ते तिला मोडतील. शेवटच्या पानावर मी माझं पूर्ण नाव घालीन आणि पहिल्या छपाईतली चूक कोणाची होती ते लिहीन. अक्का मुलीकडे आहेत, पत्ता मी घेऊन ठेवला आहे. त्यांचं वय बघता मला फार उशीर करून चालणार नाही.